राईनपाडा ते प्रयोगशाळा : डिजिटल न्यायसहायक विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचे स्थान – एक चिकित्सा

प्रास्ताविक

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांत करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला आणि त्यात 'सायबर' हा शब्द आला नाही, असे अलीकडे सहसा घडत नाही. अशाच एका कार्यक्रमात डिजिटल न्यायसहायक विज्ञानावर, म्हणजे रूढ भाषेत डिजिटल फॉरेन्सिकवर, व्याख्यान झाल्यानंतर द्वितीय वर्ष कला वर्गातील एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले की, समाजशास्त्र घेणाऱ्यांना या क्षेत्रात काही स्थान आहे काय? पाहुण्यांनी सौजन्यपूर्वक उत्तर दिले : आहे ना, तुमचे संवादकौशल्य चांगले असते, तुम्ही अहवाल नीट लिहू शकता. टाळ्या झाल्या. विद्यार्थिनी खाली बसली. प्रस्तुत लेखक त्या वेळी आभारप्रदर्शनाच्या प्रतीक्षेत व्यासपीठावर होता, व ते उत्तर त्याला तेव्हापासून सलत आहे.

उत्तर चुकीचे होते असे नव्हे. ते फार थोडे होते. पुरावा ही निव्वळ तांत्रिक वस्तू असून समाज हा तिच्याभोवतीचा केवळ परिसर आहे, असे गृहीतक त्यामागे होते. यंत्राने सत्य काढावे आणि कला शाखेच्या पदवीधराने ते सुवाच्य अक्षरात लिहून द्यावे, अशी ही श्रमविभागणी आहे. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी उदाहरण दूरचे शोधावे लागत नाही. दुर्दैवाने ते आपल्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात घडलेले आहे.

राईनपाडा, १ जुलै २०१८

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पिंपळनेर पोलीस ठाण्याच्या हद्दीत, राईनपाडा हे आदिवासी वस्तीचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी रविवार होता आणि आठवडे बाजाराचा दिवस होता. त्या दिवशी तेथे आलेल्या, सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा परिसराशी संबंधित अशा नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने मारहाण केली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन कोंडण्यात आले आणि तेथेच मारहाण होऊन पाचही जणांचा मृत्यू झाला. त्याच रात्री शेजारच्या मालेगावात अशाच संशयावरून जमावाच्या तावडीत सापडलेल्या एका कुटुंबास पोलिसांनी वाचविले. राईनपाड्यात मात्र पोलिसांची कुमक पोहोचेपर्यंत फार उशीर झाला होता.

या घटनेचे दोन डिजिटल चेहरे आहेत. त्यापूर्वी काही आठवडे या भागात मुले पळवणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होते, हा पहिला. मारहाणीचे चित्रण उपस्थितांनीच भ्रमणध्वनीवर केले आणि तेच चित्रण पुढे आरोपींची ओळख पटविण्याचे साधन बनले, हा दुसरा. ज्या यंत्राने अफवा आणली त्याच यंत्राने पुरावा दिला. डिजिटल न्यायसहायक विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकास याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण, आणि तरीही केवळ पाठ्यपुस्तकाच्या आधारे या घटनेचा उलगडा होत नाही.

त्या वेळी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील होती. बालसुरक्षेविषयी जागृती व्हावी म्हणून तेथील एका संस्थेने ती तयार केली होती. दुचाकीवरून आलेले दोघे मूल उचलतात, पुन्हा आणून सोडतात आणि मग जागृतीचा फलक दाखवितात. भारतात फिरलेल्या आवृत्तीत अखेरचा भाग कापलेला होता. हे कापणे शोधून काढणे, मूळ चित्रफितीशी तुलना करणे, संकलनाच्या खुणा दाखविणे ही तांत्रिक कामे आहेत व ती उत्तम रीतीने होऊ शकतात. परंतु अखेर कापली म्हणून लोकांनी विश्वास ठेवला काय? अखेरचा फलक उर्दूत असता आणि तसाच राहिला असता, तर साक्रीच्या बाजारात तो कोणी वाचला असता? येथे प्रयोगशाळेचे काम संपते आणि आपल्या विषयांचे सुरू होते.

अफवेचे शास्त्र

वृत्तपत्रांनी आणि शासनानेही त्या वेळी मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपला दोषी धरले. जुलै २०१८ मध्येच कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच गटांपुरता पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. मर्यादा योग्यच होती. पण तंत्रज्ञान हेच कारण मानले की चिकित्सा लंगडी पडते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पीत असल्याची वार्ता एका दिवसात देशभर आणि देशाबाहेरही पोहोचली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हते. बहुतेकांच्या घरी साधा दूरध्वनीही नव्हता. त्याच्याही मागे गेल्यास, १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पसरलेल्या अफवांचा जमुना प्रसाद यांनी केलेला अभ्यास १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. भूकंपाचा धक्का जाणवला परंतु हानी झाली नाही अशा भागातही लोक आणखी मोठ्या संकटाच्या अफवा सांगत होते, हे त्यांनी नोंदविले. पुढे लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या संज्ञानात्मक विसंवादाच्या सिद्धांतास या निरीक्षणाचा आधार मिळाला. भीती आधी असते; तिला शोभेल अशी वार्ता माणसे मागाहून शोधतात, असा त्याचा आशय. समाजमाध्यमांवर शोधनिबंध लिहिणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी या भारतीय अभ्यासाचा उल्लेख केला असेल, हा प्रश्न येथे कंसाबाहेरच विचारलेला बरा.

ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी १९४७ मध्ये असे मांडले की, विषयाचे महत्त्व आणि माहितीची संदिग्धता या दोहोंच्या गुणाकाराने अफवेची शक्ती ठरते. यांपैकी एक शून्य झाले तर अफवा उरत नाही. तमोत्सु शिबुतानी यांनी १९६६ मध्ये अफवेकडे विकृती म्हणून न पाहता, विश्वसनीय बातमी मिळत नाही तेव्हा समूहाने मिळून रचलेली तात्पुरती बातमी म्हणून पाहिले. रणजित गुहा यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात वासाहतिक काळातील शेतकरी उठावांच्या संदर्भात अफवेच्या प्रसाराचा विचार केला. तिचा कर्ता अनामिक असतो, तोंडी प्रवासातच तिला बळ मिळते, हे त्यांचे निरीक्षण आहे.

तपास करणाऱ्यास याचा उपयोग काय, असे विज्ञान शाखेतील सहकारी विचारतील. उपयोग थेट आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश २०१६ पासून दोन्ही टोकांपर्यंत कूटबद्ध असतात. त्यामुळे जप्त केलेल्या हँडसेटमधून संदेश कोणाकडून आला व कोणाकडे गेला एवढी एक कडी मिळते. मूळ उगम बहुधा मिळत नाही. तपास 'पहिला कोण' या प्रश्नाभोवती फिरत राहिला तर तो बहुतेक वेळा रिकाम्या हाती परततो. गुहा आणि शिबुतानी वाचलेला अन्वेषक मात्र दुसरा प्रश्न विचारील : हा संदेश कोणत्या गटात आल्यावर त्याला गावाचे नाव चिकटले? 'टोळी फिरते आहे' याचे 'टोळी आपल्या बाजारात आली आहे' असे रूपांतर कोठे झाले? सामान्य भीतीचे स्थानिक आरोपात रूपांतर करणारी ती कडी ही गुन्ह्याच्या दृष्टीने निर्णायक, आणि ती हँडसेटमध्ये सापडू शकते. काय शोधावे हे ठाऊक असेल तर सापडते.

'आंडेर' हा शब्द यंत्रास ठाऊक नाही

शोधण्याचा मुद्दा निघालाच आहे तर थोडे भाषेविषयी. जप्त भ्रमणध्वनीतून लक्षावधी नोंदी निघतात व परीक्षक त्यांत कळीच्या शब्दांनी शोध घेतो. समजा, परीक्षकाने 'मुलगी', 'मुले', 'पळवणे' असे प्रमाण मराठी शब्द दिले. खानदेशात मुलाला आंडोर आणि मुलीला आंडेर म्हणणारी अहिराणी बोलली जाते. हे संदेश अनेकदा रोमन लिपीत, ज्याला जसे सुचेल तशा वर्णलेखनात लिहिलेले असतात. त्याहून जास्त वेळा लिहिलेलेच नसतात, ध्वनिमुद्रित असतात. यावल-रावेरकडील लेवा गणबोली वेगळी, साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातील कोकणी व भिली वेगळी, सातपुड्यातील पावरी त्याहून वेगळी. मुंबईच्या कलिना येथील किंवा नाशिकच्या प्रयोगशाळेतील परीक्षकास यांतली एकही येत नसेल, तर त्यात त्याचा दोष नाही. परंतु त्याच्या अहवालात 'आक्षेपार्ह मजकूर आढळला नाही' असे वाक्य आले, तर न्यायालय त्याचा अर्थ 'मजकूर नव्हता' असा घेण्याचा संभव आहे. वस्तुतः त्याचा अर्थ 'मला वाचता आला नाही' असा असू शकतो.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. बोलीतील थट्टा, शिवी, तंबी आणि खरी धमकी यांतील भेद शब्दकोशात मिळत नाही. 'याला आता सोडायचे नाही' हे वाक्य भाऊबंदकीच्या वादात रोज उच्चारले जाते. ते कट म्हणून वाचायचे की राग म्हणून, याचा निर्णय बोलणाऱ्यांचे नाते, प्रसंग आणि बोलीची रीत पाहूनच करता येतो. आपल्याकडे अहिराणीवर शोधप्रबंध झाले आहेत, म्हणी व गीतांची संकलने झाली आहेत. हे संचित न्यायसहायक कामास जोडण्याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही.

यंत्राचा मालक आणि यंत्राचा वापरकर्ता

प्रयोगशाळा एका प्रश्नाचे उत्तर अत्यंत काटेकोरपणे देऊ शकते : या यंत्रात हे होते काय? राइट ब्लॉकर लावून प्रतिकृती घेतली, तिचे हॅश मूल्य काढले, मूळ मूल्याशी ते जुळले की मजकुरात बदल झालेला नाही हे सिद्ध होते. मात्र न्यायालयास हवे असलेले उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे असते : हे कोणी केले? यंत्रापासून माणसापर्यंतचे हे अंतर कोणतेही सॉफ्टवेअर एकट्याने ओलांडू शकत नाही.

आपल्या भागात हे अंतर अधिक रुंद आहे. सिमकार्ड वडिलांच्या नावावर, हँडसेट मोठ्या भावाने घेतलेला, दिवसा तो शेतावर असतो व रात्री भाचा त्यावर चित्रफिती पाहतो, आणि घरातील स्त्रिया त्याच क्रमांकावर बचत गटाचे निरोप घेतात. हंगामात कुटुंब सुरतेस किंवा ऊसतोडीस गेले की जुना हँडसेट गावात राहणाऱ्या नातेवाइकाकडे जातो. 'एक व्यक्ती, एक यंत्र, एक खाते' ही कल्पना मध्यमवर्गीय, नागरी आहे. कुटुंबसंस्था, स्थलांतर आणि लिंगभाव हे समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे घटक, पण वापरकर्ता निश्चित करण्याच्या कामात तेच प्रत्यक्ष पुराव्याचे प्रश्न बनतात.

चित्रणाचेही तसेच आहे. जमावाच्या चित्रफितीतील एखाद्या चौकटीत उंचावलेला हात दिसतो. तो मारण्यासाठी उंचावला की अडविण्यासाठी? पुढे सरसावणारा माणूस सामील होत आहे की आपल्या मुलाला मागे ओढत आहे? चौकट स्पष्ट करता येते, चेहरा जुळवता येतो. हेतू जुळवता येत नाही. राईनपाडा प्रकरणात वीसहून अधिक व्यक्तींना अटक झाली होती. अशा प्रत्येक खटल्यात मृतांना न्याय मिळणे आणि केवळ उपस्थित असलेल्या गरीब आदिवासीने कोठडीत न सडणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच चित्रफितीच्या वाचनावर अवलंबून असतात. भटक्यांचा कैवार घेताना आदिवासींना विसरणे, किंवा उलट, हे आपल्याकडे सहज घडते.

परीक्षकही माणूस असतो

डिजिटल पुरावा वस्तुनिष्ठ असतो हा समज शिक्षित वर्गात दृढ आहे. नीना सुंदे व इतिएल ड्रोर यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५३ डिजिटल परीक्षकांना एकच पुरावा-संच तपासण्यास दिला, फक्त प्रकरणाची पार्श्वभूमी निरनिराळी सांगितली. संशयित निर्दोष असावा असे सूचित झालेल्या परीक्षकांना कमी खुणा आढळल्या. एवढेच नव्हे, तर समान पार्श्वभूमी मिळालेल्या परीक्षकांचेही परस्परांशी फारसे एकमत झाले नाही. २००४ च्या माद्रिद स्फोटानंतर अमेरिकेतील एका वकिलाचा ठसा चुकीने जुळविण्यात आला, ही घटना ठशांच्या क्षेत्रात यापूर्वीच गाजली होती. ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या होरायझन या संगणकप्रणालीवर विश्वास ठेवून ९०० हून अधिक जणांवर दोषसिद्धी झाली व ती प्रणालीच सदोष असल्याचे पुढे उघड झाले. शेकडो ठिकाणचे उपडाकपाल एकाच वेळी अप्रामाणिक कसे झाले, हा साधा सामाजिक प्रश्न अनेक वर्षे कोणी गांभीर्याने विचारला नाही. तो विचारावयास संगणकाचे ज्ञान लागत नव्हते.

आपलाही इतिहास तपासावा

येथवरचे विवेचन वाचून सामाजिक शास्त्रांच्या अध्यापकांनी समाधानाने मान डोलवावी असा लेखकाचा उद्देश नाही. समाजाचे ज्ञान तपासयंत्रणेच्या हाती दिल्याने न्यायच होतो असे नाही. या देशात त्याचा पहिला मोठा प्रयोग अन्यायाचा होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि १९११ मध्ये झालेला त्याचा विस्तार यांमागे जातिजमातींविषयीच्या वासाहतिक 'शास्त्रीय' वर्णनांचे पाठबळ होते. मुंबई इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवरील मायकेल केनेडी यांचे पुस्तक १९०८ चे. ते स्वतः पोलीस अधिकारी होते. अंगुलिमुद्रांचे शास्त्रही याच मातीत वाढले : १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल यांनी करारावर हाताचा ठसा घेतला, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यास अंगुलिमुद्रा केंद्र निघाले. अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचे तेथील वर्गीकरणातील कार्य मोलाचे आहे. परंतु त्या राजवटीस ठसे हवे होते ते मुख्यतः अविश्वासू मानलेल्या प्रजेची ओळख पक्की करण्यासाठी.

गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. डवरी गोसावी महाराष्ट्रात भटक्या जमातींत गणले जातात, विमुक्तांत नव्हे. पण फिरस्त्याविषयीचा संशय अशी सूक्ष्म वर्गवारी पाळत नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्ये भटक्या-विमुक्तांच्या स्थितीवर अहवाल दिला, त्यानंतर इदाते आयोगही झाला. राईनपाड्याची घटना त्यानंतरची आहे. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक जमावाकडून मारले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या साधूंना मुले पळविण्याच्या संशयावरून मारहाण झाली. भगवी वस्त्रे, अनोळखी बोली, हातात झोळी : एके काळी ज्या वेषाला गावात भिक्षा मिळे तोच वेष संशयाचे कारण ठरतो, हे परिवर्तन केव्हा व कसे झाले याचा क्षेत्राभ्यास आपल्या विभागांनी करावयास हवा होता. आपण प्रश्नावल्या वाटण्यात गुंतलो होतो. प्रस्तुत लेखकाचा एम.फिल.चा प्रबंधही प्रश्नावलीवरच आधारलेला होता, हे येथे कबूल करणे भाग आहे.

कायद्याची नवी भाषा

१ जुलै २०२४ पासून, म्हणजे योगायोगाने राईनपाड्याच्या घटनेस सहा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवसापासून, नवे फौजदारी कायदे अंमलात आले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा अशा स्वरूपाच्या अन्य कारणावरून पाच वा अधिक व्यक्तींच्या समूहाने केलेल्या हत्येची स्वतंत्र तरतूद आहे. जमाव 'आम्ही जात पाहून मारले नाही, मुले पळवणारे समजून मारले' असे म्हणेल तेव्हा काय? संशय याच लोकांवर का आला, या प्रश्नाचे उत्तर समुदाय, भाषा आणि परकेपण यांत दडलेले असू शकते. ते पुराव्याने दाखवावे लागेल, आणि तो पुरावा गटांतील संदेशांच्या शब्दांतच असण्याची शक्यता अधिक.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने जुन्या ६५ब ची जागा घेतली. त्या प्रमाणपत्राची अनिवार्यता सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक विवादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात अधोरेखित केली होती. आता प्रमाणपत्रात हॅश मूल्याची नोंदही अपेक्षित आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावयाचे आहे, तर कलम १७६(३) अन्वये सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपेक्षित आहे. मनुष्यबळाची गरज वाढणार हे उघड आहे.

मग त्या विद्यार्थिनीस काय सांगावे? खोटी आशा दाखवू नये. प्रयोगशाळेतील वैज्ञानिक पदांना विज्ञान वा संगणकशास्त्राची पदवी लागते. केवळ समाजशास्त्र घेऊन ते दार उघडत नाही. पदव्युत्तर पदविका, विधी शाखा, बँकांतील फसवणूक तपास विभाग हे मार्ग आहेत, पण तेही आयते नाहीत. एक गोष्ट मात्र त्या व्याख्यानात राहून गेली होती. राज्य लोकसेवा आयोगाची पोलीस उपनिरीक्षक पदाची परीक्षा कोणत्याही शाखेचा पदवीधर देऊ शकतो, आणि खानदेशातील अभ्यासिकांत तिच्या तयारीला बसलेल्यांत इतिहास, राज्यशास्त्र, मराठी व समाजशास्त्र घेतलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. घटनास्थळी पहिला भ्रमणध्वनी हातात घेणारा अधिकारी बहुधा यांच्यापैकीच असतो. तो हँडसेट सुरू ठेवावा की बंद करावा, फॅराडे पिशवीत घालावा की कसे, पंच कोण घ्यावेत, कोणाला काय विचारावे, हे तो ठरवितो. प्रयोगशाळेत जाते ते त्याने निवडलेले. म्हणजे प्रश्न कला शाखेला या क्षेत्रात प्रवेश आहे की नाही हा नाहीच. प्रवेश झालेलाच आहे, आम्ही त्यांना तयार न करता पाठवीत आहोत.

गेल्या सत्रात तृतीय वर्षाच्या वर्गात एक छोटा प्रयोग केला. प्रत्येकाने आपल्या घरातील एका भ्रमणध्वनीचा काल्पनिक जप्ती पंचनामा लिहावयाचा होता. मालकाचे नाव, कंपनी, आयएमईआय क्रमांक, सिमकार्ड, पंचांच्या सह्या असे सर्व रकाने मुलांनी नीट भरले. मग प्रत्येकास विचारले की, काल दिवसभरात हा हँडसेट कोणकोणाच्या हातात होता? चोपडा तालुक्यातील एका विद्यार्थ्याने कागद उलटा करून पाठीमागे नावे लिहावयास घेतली, पाच झाली, मग त्याने सहावे नाव लिहिले आणि विचारले, "सर, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?" नमुन्यात तसा रकाना नव्हता.